पक्कड, पाना आणि त्यांची जागा

हत्यारं अजिबात नाहीत असं मराठी घर सहसा सापडत नाही. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा असतो. त्यात डोकं हलणारी हातोडी, टोक गोल झालेला पेचकस, गंजून घट्ट बसलेली पक्कड, कधी लागतो कधी लागत नाही असा टेस्टर, आणि तळाशी खिळे, चुका, उरलेले स्क्रू, वायरचे तुकडे आणि कुठल्याशा कपाटाबरोबर आलेली एलन की. एवढं असूनही नळाचा नट सैल झाला की माणूस शेजारी पाना मागायला जातो, नाहीतर दुकानातून दुसरी पक्कड घेऊन येतो. पहिली होती, पण वेळेला सापडली नाही.

दुसऱ्या टोकाला चकचकीत प्लास्टिकच्या पेटीतले शंभर-दीडशे नगांचे संच आहेत. नवं घर घेतलं, गाडी आली, की भेट म्हणूनही ते दिले जातात. या दोन टोकांच्या मध्ये शहाणपणाची खरेदी कशी करायची आणि घेतलेलं कुठं ठेवायचं, हा या लेखाचा विषय. माझं मत आधीच नोंदवतो. घरगुती हत्यारं संचाने घेऊ नयेत. काम निघेल तसं एकेक घ्यावं, पण चांगलं घ्यावं, आणि हत्यार घरात येईल त्याच दिवशी त्याची जागा ठरवावी.

घराला जोडलेलं बंदिस्त गॅरेज आपल्याकडे थोड्यांनाच मिळतं. नाशिक, सांगली, कोल्हापूरच्या बंगल्यांत गाडीची शेड असते. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत खांबांमधलं पार्किंग असतं आणि तिथं गाडीखेरीज काही ठेवलं की नोटीस येते. मग उरतात ड्राय बाल्कनी, माळा, जिन्याखालची जागा आणि चपलांच्या कपाटाचा खालचा कप्पा. अमेरिकेतल्या मराठी घरांची गोष्ट वेगळी. तिथं गॅरेज ऐसपैस असतं आणि प्लंबर तासाच्या हिशेबाने असे पैसे घेतो की इथं कधी पाना हातात न धरलेला माणूसही तिथं नळ बदलायला शिकतो. इथं कारागीर अजून परवडतो, पण छोट्या कामासाठी तो येत नाही. दाराची सैल बिजागरी, गळणारा अँगल कॉक, गाडीच्या बॅटरीचा टर्मिनल, हलणारा पंख्याचा रेग्युलेटर यासाठी आठवडाभर त्याची वाट बघावी लागते. घरात हत्यारं हवीत ती या कामांसाठी.

संचांविषयी आधी बोलू. बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो ४६ नगांचा सॉकेट संच. त्यात पाव इंची चौकोनाचं रॅचेट असतं, साधारण ४ ते १४ मिमीपर्यंतची सॉकेटं असतात आणि उरलेला आकडा बहुतांशी बिटांनी भरलेला असतो. स्कूटरचं पॅनेल उघडायला, सायकलला, मिक्सरला तो उपयोगी पडतो. पण त्याच रॅचेटने कोणी गाडीच्या चाकाचा नट सोडवायला गेला तर आतले दाते तुटतात, कारण पाव इंची ड्राइव्ह तेवढ्या जोरासाठी केलेलाच नसतो. मोठ्या संचांत हातोडी, पक्कड, टेप, करवत सगळं असतं, आणि त्यातली एकही वस्तू अशी नसते की ती सुटी विकायला असती तर आपण उचलली असती. शिवाय पेटीतल्या साच्यात प्रत्येक वस्तू जिथल्या तिथं बसवणं इतकं जिकिरीचं असतं की महिन्याभरात निम्मी हत्यारं पेटीबाहेर राहतात.

मग सुरुवात कशाने करावी? पेचकसाने. घरातल्या बिघाडांपैकी बरेच बिघाड चुकीच्या पेचकसानेच वाढतात. अधिक चिन्हाचा स्क्रू दिसला की हाताला लागेल तो फिलिप्स लावायचा, अशी आपली सवय. पण फिलिप्सचेही आकार आहेत. पीएच १, पीएच २, पीएच ३. घरातल्या बहुतेक स्क्रूंना पीएच २ लागतो. त्यात पीएच १ घातला की तो फिरतो, निसटतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्यांचे स्क्रू नीट निरखून पाहा. अधिक चिन्हाच्या रेघांमधल्या चारही कोपऱ्यांत बारीक तिरक्या रेघा दिसल्या तर तो पोझिड्रिव्ह. त्याला पीझेड २ बिट लागतं. ते एकदा लावलं की इतके दिवस हे दार सरळ का होत नव्हतं याचा उलगडा होतो. जपानी घराण्याच्या मोटरसायकली आणि स्कूटर्सवर तिसराच प्रकार भेटतो. डोक्यावर एक बारीक ठिपका असलेला हा स्क्रू जपानी मानकाचा, म्हणजे जेआयएस, असतो. फिलिप्सचं टोक त्याच्या तळापर्यंत पोचत नाही आणि जोर दिला की बाहेर येतं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावरचे दोन स्क्रू खराब झालेले ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. घरात दुचाकी असेल तर जेआयएस टोकाचा एक पेचकस घ्यावा. तो साध्या फिलिप्स स्क्रूलाही चालतो.

पान्यांचंही असंच आहे. दुकानात दुतोंडी पान्यांचा ठरलेला संच मिळतो: ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९, २०-२२. यातले रोज लागणारे आकार फार थोडे असतात. एम ६ बोल्टचं डोकं १० मिमीचं. एम ८चं सर्वसाधारण मानकाप्रमाणे १३चं, पण जपानी वाहनांवर बहुधा १२चं. एम १०चं १६ किंवा १७चं, आणि तेच जपानी गाडीवर १४चं. म्हणून तुमच्या दारात जपानी वळणाची गाडी असेल तर १०, १२, १४, १७ हे चार पाने आणि युरोपीय वळणाची असेल तर १०, १३, १६ आणि १७ एवढ्यावर वर्षानुवर्षं काम निघतं. १०चे पाने दोन घ्यावेत. बॅटरीचा टर्मिनल, फेअरिंग, मडगार्ड, एअर फिल्टरची पेटी, सगळीकडे तोच लागतो आणि हरवतोही तोच.

उघड्या तोंडाचा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना सगळ्या कोपऱ्यांना धरतो. घट्ट बसलेला नट आधी रिंगने सैल करायचा आणि मग उघड्या तोंडाने भराभर फिरवायचा, असा वर्कशॉपमधला शिरस्ता आहे. त्यामुळे एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडं तोंड असलेला कॉम्बिनेशन पाना घरासाठी सर्वांत सोयीचा. स्क्रू पाना, म्हणजे ज्याचं तोंड लहानमोठं करता येतं तो, एक जरूर असावा, पण नळकामापुरता. तो लावताना जोर स्थिर जबड्यावर येईल अशा दिशेने ओढावा. उलट ओढला की हलता जबडा ढिला पडतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. नळाच्या क्रोम नटावर आधी कापडाची घडी ठेवावी.

दुकानात पाना तपासायची एक साधी रीत आहे. एम ६चा एक नवा बोल्ट खिशात न्यायचा. १०चा पाना त्याच्या डोक्यावर चढवून बघायचा. तो जोर न लावता बसला पाहिजे आणि बसल्यावर खडखडता कामा नये. मग तोंडाच्या आतल्या कडांवरून बोट फिरवायचं. कड सरळ आणि खडबडीतपणाविना असली तर घडाई नीट झाली आहे. ‘क्रोम व्हॅनेडियम’ हा ठसा आता हलक्यातल्या हलक्या पान्यावरही असतो, त्यामुळे निव्वळ ठशावर जाऊ नये. नावाजलेल्या ब्रँडची नक्कलही बाजारात भरपूर आहे, म्हणून पावती देणाऱ्या जुन्या दुकानातून घेणं चांगलं.

पक्कड घेताना ती उजेडासमोर धरावी. मिटल्यावर टोकाशी दोन्ही जबडे नीट मिळाले पाहिजेत आणि कापणाऱ्या धारा पूर्ण लांबीत एकमेकींना भिडल्या पाहिजेत. एक कागद मागून घ्यावा आणि त्या धारांनी कापून बघावा. तो फाटला, चिरडला, तर पक्कड परत द्यावी. मग मुठी बाजूला ओढून बघाव्यात. रिव्हेटपाशी खेळ जाणवला तर तो पुढे वाढतच जाणार. आठ इंची पक्कड घराला पुरते. सोबतीला लांब नाकाची एक घेतली की वायरकामही होतं.

विजेच्या कामाबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. मुठीवर जाड प्लास्टिक आहे म्हणून पक्कड ‘शॉकप्रूफ’ आहे हा समज धोक्याचा आहे. साधं आवरण पकडीसाठी असतं. विजेसाठी खरोखर तपासलेल्या हत्यारावर दोन त्रिकोणांचं चिन्ह आणि १००० व्ही असा ठसा असतो. आयईसी ६०९०० या मानकाप्रमाणे अशा प्रत्येक नगाची १०,००० व्होल्टला चाचणी होते. आपल्या घरात २३० व्होल्ट आहेत आणि तेवढे जीव घ्यायला पुरतात. मेन स्विच बंद करणं हाच पहिला उपाय, आणि असं हत्यार त्यानंतरचा. टेस्टरवरही आंधळा विश्वास टाकू नये. त्यातला निऑनचा दिवा दिवसाउजेडी नीट दिसत नाही, आणि तो लागला नाही याचा अर्थ करंट नाही असा होत नाही. आधी चालू सॉकेटवर टेस्टर लावून बघावा, मग कामाच्या जागी, आणि पुन्हा एकदा चालू सॉकेटवर.

मेजपट्टीबद्दल एकच सांगतो. टेपच्या टोकाची आकडी थोडी मागेपुढे हलते म्हणून कित्येक जण ती ठोकून घट्ट करतात. ती मुद्दाम सैल ठेवलेली असते. बाहेरून अडकवून मोजताना ती स्वतःच्या जाडीइतकी पुढे सरते, आणि भिंतीला टेकवून मोजताना तेवढीच आत जाते. त्यामुळे दोन्ही मापं बरोबर येतात.

हॅकसॉचं पातं बसवताना दात पुढच्या दिशेने असावेत. पातळ पाइपाला बारीक दातांचं पातं लागतं. कानसही पुढे ढकलतानाच कापते. मागे येताना ती उचलायची, नाहीतर दात लवकर बोथट होतात. ॲल्युमिनियम घासताना दातांत भुसा अडकू नये म्हणून कानशीवर आधी शाळेतला खडू घासून घ्यावा. आणि कानस मुठीशिवाय वापरू नये, तिचं टोकदार शेपूट तळहातात घुसतं. चांगल्या कानशी रत्नागिरी आणि चिपळूणच्या कारखान्यांतून निघतात. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत टपारियाचा कारखाना आहे. या कंपनीने १९६९ मध्ये स्वीडिश तंत्रसहकार्याने हातहत्यारं बनवायला सुरुवात केली आणि आज तिची पक्कड मोटर मेकॅनिकपासून वायरमनपर्यंत सगळ्यांच्या हातात दिसते. महाराष्ट्राबाहेर जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातलं नागौर ही या धंद्याची मोठी केंद्रं. रास्त भावातलं बरंचसं हत्यार तिथून येतं आणि त्यात खूप चांगलंही असतं. परदेशी नाव असलं म्हणजेच हत्यार टिकतं असं मानण्याचं कारण नाही.

मुंबईत मस्जिद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट आणि विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, या बाजारांत पाय ठेवला की एका दुपारी जे शिकायला मिळतं ते मोबाइलवर फोटो चाळून मिळत नाही. दुकानदार विचारतो, “कशाला पाहिजे?” या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं, कारण खरेदीचा अर्धा निर्णय त्यावर होतो. मापं मात्र दोन भाषांत बोलावी लागतात. दशमान पद्धत १९५८ पासून लागू झाली तरी नळाचं काम अर्धा आणि पाऊण इंचात चालतं आणि सुतार, लोहार अजून सुतात मोजतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. ‘तीन सुताचा बोल्ट’ मागितला की साधारण साडेनऊ मिमीचा हातात येतो, आणि त्याला मिमीचा नट बसत नाही. नमुना बरोबर नेणं हाच त्यावर उपाय.

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथं जुने पाने, शेगडे, पटाश्या, गुण्ये मिळतात. नव्या पिढीने हा मार्ग सोडू नये असं मला मनापासून वाटतं. जुना शेगडा वरून गंजलेला असला तरी स्क्रू सरळ फिरत असेल, आटे शाबूत असतील आणि जबडे समांतर मिटत असतील तर तो घ्यावा. शेगड्याला जड बूड लागतं, आणि नव्या स्वस्त शेगड्यांत ते नसतं. पटाशी घेताना पोलादाचा भाग किती शिल्लक आहे ते बघावं. वारंवार घासून आखूड झालेली पटाशी स्वस्तातही महाग पडते. पेचकस आणि पाने जुने घेण्यात फायदा नाही. त्यांचं तोंड झिजलेलं असतं आणि झीज डोळ्याला दिसत नाही.

आता जागेचा प्रश्न. घरगुती हत्यारांचं बहुतेक नुकसान इथंच होतं. जपानी कारखान्यांतली पाच ‘एस’ची पद्धत पिंपरी-चिंचवड, नाशिक, संभाजीनगरच्या कारखान्यांत काम केलेल्या हजारो लोकांना पाठ आहे. नको ते काढा, उरलेल्याला जागा द्या, स्वच्छ ठेवा, पद्धत घाला, ती पाळा. कारखान्यात भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. पाना जागेवर नसेल तर रिकामी आकृती लगेच डोळ्यात भरते. ही कल्पना घरी आणायला मोठी जागा लागत नाही. शेडमध्ये किंवा ड्राय बाल्कनीत दोन फूट बाय दीड फुटाचा प्लायचा तुकडा, त्यावर खिळे किंवा हुक, आणि मार्करने काढलेल्या आकृत्या एवढं बस. पाऊस येईल अशा भिंतीला तो लावू नये आणि भिंत ओली होणारी असेल तर मागे अर्ध्या इंचाची पट्टी घालून हवा खेळती ठेवावी. नव्या इमारतींच्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी टिकत नाही. त्या ब्लॉकसाठीचा वेगळा प्लग मिळतो आणि भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा लागतो.

फ्लॅटमध्ये फळीला जागा नसेल तर प्रकाराप्रमाणे कप्पे करण्यापेक्षा कामाप्रमाणे पिशव्या केलेल्या बऱ्या. सगळे पाने एकत्र, सगळे पेचकस एकत्र अशी मांडणी दुकानात शोभते. घरात नळ गळतो तेव्हा स्क्रू पाना, टेफ्लॉन टेप, वॉशर, छोटा पेचकस आणि जुनं कापड हे एकदम लागतं. ते एकाच कॅनव्हासच्या पिशवीत असेल तर काम पाच मिनिटांत सुरू होतं. विजेची दुसरी पिशवी, गाडीची तिसरी. गाडीची पिशवी गाडीतच राहू द्यावी. त्यासाठी एखादा पेचकस किंवा टेप दुप्पट घ्यावी लागली तरी हरकत नाही. जी पक्कड शोधायला स्टूल घेऊन माळ्यावर चढावं लागतं, तिच्याऐवजी माणूस स्वयंपाकघरातला चिमटा वापरतो आणि स्क्रूचं डोकं बिघडवतो. माळ्यावर फक्त वर्षातून एकदा लागणारं जावं: पाइप पाना, मोठी करवत, कुदळ.

स्क्रू, वॉशर, चुका यांना पारदर्शक बरण्या लागतात. लोणच्याच्या रिकाम्या प्लास्टिक बरण्या उत्तम, कारण आतलं न उघडता दिसतं. मोडलेल्या वस्तूंमधून निघालेले सगळे स्क्रू साठवायची आपल्याकडे ओढ असते. त्यातले आटे गेलेले आणि डोकं गेलेले त्याच दिवशी फेकावेत, उरलेले लांबीप्रमाणे वेगळे करावेत. लहान मुलं असतील तर पटाशी, ब्लेडं आणि ड्रिलची बिटं कुलपात.

पावसाळा हा कोकणातल्या आणि मुंबईतल्या हत्यारांचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की उघडं पोलाद चार दिवसांत तांबूस होतं. शिवणयंत्राचं पातळ तेल कापडावर घेऊन जूनच्या आधी प्रत्येक पान्यावरून आणि पकडीच्या सांध्यातून फिरवावं. खोबरेल लावू नये, ते कालांतराने चिकट होतं आणि सांधा आवळून बसतं. डब्यात कापराची वडी ठेवायची जुनी पद्धत आहे. ती तेलाची जागा घेत नाही, पण बंद पेटीत मदत करते. कापूर पोटात गेला तर विषारी, हे घरात मूल असलं तर लक्षात ठेवावं. गंज चढलाच तर सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात हत्यार रात्रभर बुडवावं, सकाळी तारेच्या ब्रशने घासावं, लगेच कोरडं करून तेल लावावं. धुतल्यावर तसंच ठेवलं तर तासाभरात नवा गंज दिसतो. पावसाळा सरता सरता खंडेनवमी येते. हत्यारं पुसून मांडायची ती रीत ज्यांच्या घरी चालू आहे, त्यांना या कामासाठी वेगळी तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

काही हत्यारं घरोघर असण्याची गरजच नाही. आठ फुटी शिडी, हॅमर ड्रिल, पाइप पाना, लांब केबल बोर्ड ही सोसायटीची असावीत. वॉचमनच्या खोलीत एक कपाट, एक वही, नेणाऱ्याची सही. ड्रिलची बिटं मात्र ज्याची त्याने आणावीत, कारण बोथट झालेलं बिट कोणी बदलत नाही आणि मग सगळ्यांना ड्रिल खराब वाटतं. शेजाऱ्याला पाना द्यायचा असेल तर अवश्य द्यावा. रंगवलेली रिकामी आकृती दिसत राहते, त्यामुळे मागून आणायचीही आठवण राहते.

वडिलांची, आजोबांची हत्यारं घरात असतील तर नवीन काही घेण्याआधी ती उघडून बघावीत. हातोडीचं डोकं हलतं म्हणून ती टाकून देऊ नये. दांडा पाण्यात भिजवला की लाकूड फुगून डोकं तात्पुरतं बसतं, पण वाळल्यावर पहिल्यापेक्षा जास्त ढिलं होतं. म्हणून जुना दांडा काढून बाभळीचा, सरळ रेघांचा नवा घ्यावा. वरच्या टोकाला करवतीने डोक्याच्या खोलीच्या दोन तृतीयांशापर्यंत चीर द्यावी. दांडा डोक्यात घालून त्याचं खालचं टोक ओट्यावर किंवा दगडावर आपटावं. डोकं स्वतःच्या वजनाने चढत जातं आणि घट्ट बसतं. मग चिरेत सुकलेल्या कठीण लाकडाची पाचर ठोकावी, वर आलेला भाग कापावा आणि त्या पाचरीला आडवी एक छोटी लोखंडी पाचर मारावी. नव्या दांड्याला जवसाचं तेल चोळून ठेवावं. तेलाच्या चिंध्या गोळा करून न ठेवता उघड्यावर पसरून वाळवाव्यात, म्हणजे त्या आपोआप पेट घेत नाहीत. दोन दिवसांत हातोडी कामाला तयार होते.